मटण सोडलेल्या पैलवानाचं वजन

"मटण सोडून दोन महिने झाले, वस्ताद. मग वजन वाढतंय कसं? मला सांगा, वाढतंय कसं?"

सर्जेराव दारातूनच ओरडला. पायातल्या चपला काढायचंही भान नव्हतं त्याला.

हिंदुराव वस्ताद तालमीमागच्या आपल्या खोलीत चुलीपुढं बसले होते. भाताचं पातेलं नुकतंच उतरवलेलं, शेजारी आमटी रटरटत होती. चौऱ्याहत्तर वर्षांचं वय, पण कंबर अजून विशीतली. त्यांनी मान वर करून पाहिलं.

"चपला," एवढंच म्हणाले.

सर्जेराव चपला काढून आत आला आणि भिंतीला टेकून धपकन बसला.

चिडायला त्याला कारण होतं, नव्हतं असं नाही. जिल्ह्याची निवड चाचणी नऊ दिवसांवर आलेली. गट शहाऐंशी किलोचा. गेल्या साली दीड किलो जास्त भरलं म्हणून गड्याला काट्यावरूनच घरी पाठवला होता. लंगोट पिशवीतून बाहेरही निघाला नाही. यंदा वय अठ्ठावीस. ही चाचणी हुकली तर पुढच्या साली कोण कुत्रं विचारतंय? अशात कुणीतरी सांगितलं, शाकाहारी हो, चरबी आपोआप झडते. झालं! यानं तालमीतल्या मारुतीपुढं नारळ फोडला आणि मटण, अंडी, मासे सगळं एका दमात बंद केलं. तेव्हा वजन होतं अठ्ठ्याऐंशी. आज सकाळी काटा म्हणाला, एक्क्याण्णव.

"तुम्ही दर रविवारी तांबडा-पांढरा ओरपता," तो म्हणाला, "आणि तुमच्या पोटाला एक वळी नाही. मी रश्शाच्या वाऱ्याला उभा राहत नाही, तर माझं हे... हे बघा!"

त्यानं सदरा वर करून दाखवलं.

वस्तादांनी पाहिलं. "बरं हाय की."

"चेष्टा करू नका वस्ताद, इथं माझा जीव जायची पाळी आलीय!"

"काल कुठं जेवलास?"

"देशमाने गुरुजींकडं. पुरणपोळ्या होत्या."

"किती?"

"सहा... दूध-तुपात." मग लगेच, "पण त्यात मटण कुठाय?"

"परवा?"

"परवा एकादशी. कडक उपास धरलेला. नुसती खिचडी, रताळ्याचा कीस, आणि वर दाण्याचे लाडू. दुसरं काही नाही."

"आदल्या दिवशी?"

"शेटेकाकूंकडं श्रीखंड..." सर्जेरावाचा आवाज जरा खाली आला आणि पुन्हा चढला. "मी काय मागायला जातो का? पैलवान शाकाहारी झाला म्हणून सगळ्या पेठेत कौतुक चाललंय. ज्या घरांनी जन्मात कधी पानावर बोलावलं नाही, ती आता वाट बघत बसतात. बाया मायेनं वाढतात. एवढ्यानं काय होतंय तुमचं, म्हणतात. त्यांना नको कसं म्हणायचं? आणि सगळं शाकाहारी! एक घास वावगा नाही!"

वस्तादांनी ताट घेतलं, भात वाढला, मधे खळगा करून आमटी ओतली, वर तुपाची धार धरली आणि ताट पुढं सरकवलं.

"जेव."

"मी काय विचारतोय आणि तुम्ही..."

"जेव. सांगतो."

वस्तादांच्या हातचं वाढलेलं, नाही म्हणायची कुणाची प्राज्ञा? सोळा वर्षं झाली होती त्याला या तालमीत येऊन. वस्ताद हजार बैठका म्हणाले की हजार, माती खण म्हणाले की रात्र पडेपर्यंत माती. सर्जेरावानं ताट ओढलं आणि भराभरा संपवलं. म्हटलं, उत्तर तरी लवकर मिळेल.

"हं. शाकाहारानं वजन उतरतं का नाही? हो का नाही, तेवढंच सांगा."

वस्तादांनी भात वाढला. आमटी. तूप.

त्यानं तेही संपवलं.

"उतरतं का?"

भात. आमटी. तूप.

आता घास घशाखाली जाईना. कपाळावरून घाम निथळत होता. म्हातारं भ्रमिष्ट झालं की काय, असंही एकदा मनात येऊन गेलं त्याच्या.

"मग मटण पुन्हा सुरू करू? तसं तरी सांगा! चाचणीपुरतं?"

भात. आमटी. तूप.

सर्जेरावाचे डोळे भरून आले. राग होता, अन्न होतं, काय काय होतं कुणास ठाऊक. "तुम्हाला माझं काहीच वाटत नाही का, वस्ताद? गेल्या साली आबा पोराला न्यायला एसटी स्टँडवर आले होते. हार घेऊन आले होते. मला बघितलं आणि तो हार पिशवीत परत घातला. घरापर्यंत एक शब्द बोलले नाहीत... यंदा पुन्हा त्यांच्यापुढं तसाच उतरू?"

वस्तादांचा हात थांबला. क्षणभरच.

मग पळी पुन्हा आमटीत गेली आणि भरून वर आली.

"पुरे!"

सर्जेरावानं ताटावर हात आडवा घातला. पळी कलली होती, ती कललीच. कढत आमटी सगळी हातावर.

"पुरे म्हणतो ना!"

सोळा वर्षांत पहिल्यांदा तो वस्तादांना नको म्हणाला होता, आणि तेही ओरडून. आता कानाखाली बसणार, ही खात्रीच होती त्याची. त्यानं मान खाली घातली. हात मात्र ताटावरून काढला नाही.

वस्तादांनी पळी खाली ठेवली. तुपात बोट बुडवलं आणि त्याच्या लाल झालेल्या हातावर हळूहळू चोळू लागले.

"भाजलं?"

"भाजलं."

"वस्ताद एक डाव राखून ठेवतो म्हणतात ना, सर्जा... तो हा. 'पुरे' म्हणायचा."