पडलेली नळी

"पडलेल्या शंभर नळ्यांतल्या फुटतात किती, चाचा?"

दस्तगीरचाचा बांबूची कामटी तासत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कुणाची पडली?"

"कुणाची नाही. सहज विचारतोय."

सुकुमार चौगुले सहज काही विचारणाऱ्यांतला नव्हता. तो हायस्कूलला विज्ञान शिकवायचा, आणि गावात आपल्याएवढं विज्ञान दुसऱ्या कुणाला कळत नाही, याची त्याला पक्की खात्री होती. शाळेसाठी त्याने चार फुटी रॉकेट बनवलं होतं. पुठ्ठ्याचं अंग, प्लायवुडचे पंख, छत्रीच्या कापडाचं पॅराशूट. सगळं स्वतःच्या डोक्याने. ते उडवणाऱ्या नळीत दारू ठासणं तेवढं पुस्तकातून येईना, म्हणून सहा महिने तो चाचांच्या शेडमध्ये येऊन बसत होता. चाचांची हयात उरसात उडवायचे दारूचे बाण बनवण्यात गेलेली. रस्त्यात ते त्याला 'मास्तर' म्हणत, शेडमध्ये 'तू'.

त्या शेडचा एक नियम होता. ठासलेली नळी हातातून पडली, की उचलून थेट दारातल्या रांजणात बुडवायची. बघायची नाही, चाचपायची नाही. आतल्या दारूला केसाएवढा जरी तडा गेला असला, तरी आग त्यात शिरते, आणि नळी उडायच्या ऐवजी जागीच फुटते.

"उडवणार कधी?" चाचांनी विचारलं.

"आज चारला. शाळेच्या मैदानावर. शिक्षण खात्याचे साहेब येणार आहेत."

"बटण कोण दाबणार?"

"आठवीतली उत्कर्षा. चिठ्ठी तिची निघाली."

"किती लांबून?"

"...वीस पावलं."

"आणि तू?"

"मी मोबाईलवर शूटिंग करणार."

चाचांनी कोयता खाली ठेवला.

"पिशवीत काय हाय?"

सुकुमारने पिशवी आधी छातीशी धरली, मग उघडली. वीतभर नळी, वरून लाल कागद. ती ठासायला त्याला आठ दिवस लागले होते.

"काल टेबलावरून घरंगळली. फरशीवर. पण मी भिंगाखाली बघितली, वजन केलं, कानाशी धरून हलवली. काही झालेलं नाही, चाचा. तुमचा नियम तुमच्या काळी ठीक होता."

"काही झालं नसंलच."

भांडायच्या तयारीने आलेल्या माणसाला कुणी हो म्हटलं, की त्याची पंचाईत होते.

"मी बी तुझ्यासारखाच," चाचा म्हणाले. "बुडवलेली नळी दुसऱ्या दिवशी काढायची अन् उभी चिरून बघायची. खोड होती... एकेचाळीस चिरल्या."

"तडा कितींत निघाला?"

"एकीत बी न्हाई."

"एकीतही नाही!" सुकुमारचा आवाज चढला. "मग मी वेगळं काय सांगतोय? एकेचाळीस चांगल्या नळ्या पाण्यात घातल्या तुम्ही. नुसत्या भीतीपोटी!"

"मला बी असंच वाटलं."

"मग?"

"मग बेचाळिसावी बुडवली न्हाई."

...

चाचांचा थोरला मुलगा हारून. अकरा वर्षांपूर्वी उरसात बाण फुटून गेला. कसा गेला ते सगळ्या गावाने डोळ्यांनी बघितलं होतं. का गेला, ते चाचांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

सुकुमारने विचारलं,

"वात... त्यानेच लावली?"

"त्यानंच. नळी पडली होती, हे त्याला ठावं नव्हतं."

"आणि तुम्ही?"

"मी मांडवात खुर्चीवर. बघत होतो."

मैदानाच्या बाजूने माईकवर कुणीतरी 'हॅलो, हॅलो' करत होतं. मागून पोरांचा कालवा ऐकू येत होता. सुकुमारला वाटलं, आपण मोबाईल उंच धरून उभे आहोत आणि उत्कर्षा आपल्याकडे बघून विचारते आहे, दाबू का सर?

तो उठला. दारातल्या रांजणापाशी गेला. नळी पाण्यावर धरली आणि तसाच उभा राहिला. चाचा एक शब्द बोलले नाहीत, अडवलं नाही की ढकललं नाही. मला विचाराल तर त्या घटकेला त्यांनी काहीतरी बोलायला हवं होतं. पण ज्याने एकदा गप्प बसून पोरगा घालवला, त्याला बोलायचं कधी, हे मी कोण सांगणार?

सुकुमारने हात कोपरापर्यंत पाण्यात घातला.

आधी बुडबुडे आले. मग लाल कागदाचा रंग सुटला. नळी तळाशी बसेपर्यंत तो वाकून बघत राहिला. हात बाहेर काढला तेव्हा सुकुमार रडत होता. सहा महिन्यांसाठी, की त्या आठवीतल्या पोरीसाठी, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

"साहेबांना काय सांगू आता?"

"पडली म्हणून सांग."

सुकुमारने डोळे पुसले. चपला पायात सरकवल्या. पण विज्ञानाचा मास्तर तो, दारात जाऊन पुन्हा घुटमळला.

"चाचा, उद्या येतो. काढून चिरून बघू का? तडा होता की नव्हता, एवढंच..."

चाचांनी रांजणावर लाकडी झाकण ठेवलं. झाकणावर हात तसाच ठेवून ते म्हणाले,

"नको. न्हाई सापडला, तर पुढची पडलेली उडवशील."