गोल भोकाची चकती

निंबगावचे सरदार धारराव यांनी मुंबईहून एक लोखंडी चकती आणली. जपानी तलवारीच्या मुठीपुढे, पात्यात ओवून बसवतात ती.

"शंभर लढाया पाहिलेली आहे!" पाहुण्यांसमोर ते गरजले आणि चकती दावल शिकलगाराच्या हाती दिली. "नीट बघ. खोटी म्हणालास, तर शस्त्रागाराचं काम गेलं समज."

आयुष्यभर पाती घासलेल्या दावलने चकती फिरवली. पातं असतं चपटं, आणि हिचं भोक तर चांगलं गोल! त्याने मुदपाकखान्यातून लाटणं मागवलं नि भोकात सरकवलं. ते चपखल बसलं.

"अस्सल आहे, सरकार," दावल अदबीने म्हणाला. "वीर मात्र धन्य. शंभरच्या शंभर लढाया लाटण्याने मारल्या!"