इंद्राच्या सिंहासनाचे पाय

इंद्राचं सिंहासन पुन्हा हलायला लागलं, आणि तेही असुरांचा वकील दरबारात यायच्या आदल्या दिवशी.

पृथ्वीवर कुणी तपाला बसलं की हे सिंहासन हलतं, ही त्याची जुनी खोड. मग इंद्रदेवांच्या पाचावर धारण बसते आणि ते एखादी अप्सरा खाली धाडून देतात. एवढा शूर राजा त्रैलोक्यात दुसरा नाही.

या खेपेला मात्र कुणी ऋषी नव्हता. सुतारकाम करणाऱ्या पांचाळांची धाकटी कुमुद परीक्षेच्या अभ्यासाला बसली होती, तीही कारखान्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये, पालथ्या खोक्यावर पुस्तक ठेवून. अप्सरेनं काळाप्रमाणे बदलून मोबाइलवर नाचून पाहिलं. पण कुमुदनं मोबाइल पिठाच्या डब्यात टाकला होता. अप्सरा खोकत परत आली.

मग विश्वकर्म्याला बोलावणं गेलं. त्यानं सिंहासनाखाली पाचरी ठोकून पाहिल्या आणि हात टेकले. "या मुलीची थोरली बहीण गोदा सुतारकाम करते. आमच्याच वंशातली आहे, तिला विचारा," असं म्हणून त्यानं स्वतःची मान अलगद सोडवून घेतली. देवांमध्येही हे कसब थोरामोठ्यांनाच साधतं.

गोदा आली ती करवत घेऊनच.

"बहिणीला अभ्यासावरून उठव," इंद्र म्हणाला. "लग्न ठरलंय म्हणून सांग."

"ते आमच्या आत्यानं सांगून झालं. नाही उठली."

"मग मी वादळ धाडतो. डोक्यावरचे पत्रे उडाले की बघू कसा अभ्यास होतो."

परीक्षा तोंडावर आली होती. कुमुदनं शिकावं म्हणून गोदानं स्वतःचं कॉलेज सोडून हातात करवत धरली होती, आणि हा माणूस, म्हणजे देव, ते सगळं एका फुंकरीत उडवून द्यायला निघाला होता. तिला संताप आला, पण तिनं तो गिळला.

"महाराज, तुम्हाला त्रास कशाचा होतोय, पोरीच्या अभ्यासाचा की या सिंहासनाचा?"

"सिंहासनाचाच. उद्या वकिलासमोर मी लटपटताना दिसलो, तर तो असुरांना काय सांगेल?"

"मग सिंहासनाचं मी बघते. पोरीच्या वाटेला जायचं नाही."

इंद्र गालातल्या गालात हसला. "ऐक तर. सिंहासन हेच राहील, जागा हीच राहील, बसणाराही मीच. तुझ्या बहिणीनं खुशाल तप करावं. तरी उद्या मी घाबरलोय असं कुणालाही दिसता कामा नये. दिसलं, की वादळ निघालं."

"नारायण, नारायण, किती सोपं काम," शेजारी उभे असलेले नारदमुनी म्हणाले. दुसऱ्याची फजिती जवळ आली की त्यांची वीणा आपोआप सुरात लागते.

गोदानं सिंहासनाला एक फेरी घातली. चारही सिंहमुखी पाय हातानं चाचपले, वर तुळईकडे पाहिलं आणि खाली बसून पायाला करवत लावली.

"अगं ए, काय करतेस!" इंद्र ओरडला.

"पाय कापायचे नाहीत असं कुठं म्हणालात?"

देवांनी आ वासला. गोदानं चारी पाय कापून बाजूला ठेवले, ऐरावताच्या पितळी साखळ्या मागवल्या आणि होत्या त्याच जागी सिंहासन तुळईला टांगून दिलं.

"हा तर झोपाळा झाला," इंद्र म्हणाला. "मी काय डोहाळजेवणाला बसू?"

"खाली रामनवमीला रामाला पाळण्यात घालतात, गोकुळाष्टमीला कृष्णाला. दोरी ओढायला बायकांची झुंबड उडते. तुम्हाला आजवर कुणी झोका दिलाय, महाराज?"

त्या दोघांची देवळं गावोगावी, आणि आपल्याला साधा पाळणासुद्धा नाही, ही इंद्राची जुनी ठसठस होती. तो मुकाट्यानं झोपाळ्यावर जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी वकील आला. तिकडे कुमुद उजळणीला बसली आणि इकडे सिंहासन जोरात हलायला लागलं. इंद्र मात्र एक पाय दुमडून, दुसरा सोडून लोडाला टेकून बसला होता. अप्सरांनी पाळणा म्हणायला सुरुवात केली. वकिलानं डोळे बारीक करकरून पाहिलं.

"देवराज, आसन हलतंय वाटतं?"

"झोका घेतोय," इंद्र जांभई देत म्हणाला. "राज्यात सगळं ठीक असलं की वेळ बराच उरतो."

वकिलाचा चेहरा पडला. असुरांना सांगण्यासारखं काहीच त्याच्या हाती लागलं नव्हतं. नारदमुनींनी वीणा पिशवीत घातली.

दरबार उठल्यावर इंद्रानं गोदाला पुढं बोलावलं. "तुझ्या बहिणीला मी त्रास देणार नाही, शब्द दिला. पण एक सांग, सिंहासन अजून हलतंच आहे की."

"हलणारच. पोरगी अभ्यास करतेय. घाबरलेलं दिसू नये एवढंच तुमचं म्हणणं होतं. दिसलात का?"

"नाही दिसलो," इंद्र खुशीत म्हणाला. "बोल, बक्षीस काय हवं? ऐरावत सोडून काहीही माग."

"ते कापलेले पाय द्या."

"ते? अगं, ते पायच तर लटपटत होते. त्यांचं काय करणार?"

"धाकटी खोक्यावर पुस्तक ठेवून वाचते, तिला टेबल करीन. पायांत काही खोट नव्हती, महाराज. तुमच्याखाली हलत होते. तिच्याखाली नाही हलायचे."

इंद्रानं आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग त्याचं तोंड वाकडं झालं आणि तो इतका खदखदून हसला, की झोपाळा तुळईला जाऊन आपटला. गोदानं तोवर पाय ऐरावताच्या पाठीवर बांधलेसुद्धा होते.