घोंगडीची ठिणगी

भांडीकुंडी बोलत असत, त्या काळची गोष्ट. पौषातल्या एका दिवशी चुलीच्या धगीने बंद खोलीतली हवा पार सुकली होती. चूल विझली तसं मांजरीचं पिल्लू गारठलं. पण ते घोंगडीवर चढलं की चट्‌कन ठिणगी उडे आणि पिल्लू दचकून पळे.

"मी मुद्दाम नाही गं करत!" घोंगडी रडकुंडीला येऊन पिल्लाच्या आईला, मनीला म्हणाली.

कोपऱ्यातला पाण्याने भरलेला माठ म्हणाला, "दोष कोरड्या हवेचा आहे. मनीताई, मला लवंडून दे."

"फुटशील रे!" मनी म्हणाली.

"फुटलो तर फुटलो. ढकल."

मनीने ढकललं. सारवलेल्या जमिनीवर पाणी पसरलं आणि हळूहळू हवा ओलसर झाली. पिल्लू भीतभीत घोंगडीवर चढलं. ठिणगी उडाली नाही.

ते झोपल्यावर मनी माठापाशी गेली. त्याच्या पोटाला चीर गेली होती. तिने ती हळूच चाटली.