रेवाचं गुळगुळीत कपाळ

खूप वर्षांपूर्वी एका डोंगरात एक म्हातारी नागीण औषधपाणी करायची. तिच्या विषाचा अगदी कणभर अंश टोचला की आखडलेला स्नायू सैल पडायचा. मान वाकडी झालेलं सांबर आणि पापणी सारखी फडफडणारं घुबड तिच्यामुळेच बरी झाली होती.

एक दिवस रेवा वानरी तिच्याकडे आली आणि म्हणाली, "माझ्या कपाळावरच्या सुरकुत्या घालव."

"त्या दुखतात का?" नागिणीने विचारलं.

"दुखत नाहीत, पण टोळीतल्या पोरी मला आजी म्हणतात."

नागीण तयार होईना. रेवाने फारच गळ घातली, तेव्हा तिने कपाळावर दोन-तीन ठिकाणी टोचलं. आठवड्याभरात कपाळ गुळगुळीत झालं.

त्याच पंधरवड्यात रेवाच्या धाकट्या बहिणीचं, शेवंतीचं, पिल्लू कड्यावरून पडून दगावलं. रेवा धावत गेली. आतून ती तुटत होती, पण कपाळाला आठी पडेना, भुवई हलेना.

शेवंतीने मान वर करून पाहिलं. "ताई, तुला काहीच वाटत नाही का गं?"

"वाटतं गं, खूप वाटतं."

"मग तोंडावर कुठे दिसतंय?" एवढं बोलून शेवंती उठली आणि नदीपलीकडच्या टोळीत निघून गेली.

चार महिन्यांनी विषाचा अंमल ओसरला. रेवा नदी ओलांडून गेली, तर ती टोळी कधीच दूरच्या रानात गेली होती. रिकाम्या झाडाखाली बसून रेवा रडली, तेव्हा तिचा सगळा चेहरा दुःखाने पिळवटला होता. तो बघायला शेवंती तिथे नव्हती.