रांजणात अडकलेला राजा

एका राज्यात माणसं जमिनीवर राहत आणि मद्य जमिनीखाली. माणसाहून उंच मातीचे रांजण तिथे गळ्यापर्यंत पुरलेले असत. त्यांना क्वेव्री म्हणत. शरदात द्राक्षांचा रस सालीबियांसकट आत ओतायचा, झाकण लिंपायचं आणि वसंतापर्यंत हात लावायचा नाही. मग मधाच्या रंगाचं मद्य निघे, आणि ते प्यायला शेजारचे राजे वैर विसरून येत.

मेजवानीची तिथली रीत अशी, की आधी तमादाने, म्हणजे शुभेच्छा बोलणाऱ्या मानकऱ्याने बोलायचं. त्याचं संपेपर्यंत प्याला ओठाला लावायचा नाही. तमादा होता जुराब. तो जादूगारही होता, पण त्याला अभिमान आपल्या बोलण्याचा. एकदा तो दिवंगतांची आठवण काढत होता. बराच वेळ काढत होता, हे मान्य करायला हवं. राजा ओतार म्हणाला, "आटपा," आणि घटाघटा प्याला. जुराबने शाप दिला, "तुझ्या रांजणांत आंबट पाणी होवो," आणि तो डोंगरावर निघून गेला.

तीन वर्षं रांजणांतून जे निघालं ते लोणच्यात घालण्याच्या लायकीचं होतं. चौथ्या शरदात राजाने रांजण सांभाळणाऱ्या नानुलीबाईंना बजावलं, "यंदाही बिघडलं, तर थोरला रांजण फोडीन." तो रांजण नानुलीबाईंच्या पणजोबांनी घडवलेला. त्या तडक कोठारात गेल्या.

कोठारातल्या साळुंकीला सगळं ठाऊक असे. ती म्हणाली, "शाप सुटायला कामं तीन, आणि तिन्ही राजाने स्वतः करायची. चेरीच्या सालीचा घासणा आणायचा. सात झऱ्यांचं पाणी आणायचं. थोरल्या रांजणात उतरून तो आतून घासायचा."

चेरीचं झाड म्हणालं, "आधी माझं कौतुक कर." राजाने दुसऱ्याचं कौतुक कधी केलेलं नव्हतं. दुपार कलल्यावर त्याला "सावली बरी आहे" एवढंच सुचलं. झाडाने वीतभर साल दिली. सात झऱ्यांचं पाणी आणताना सहा झऱ्यांचं वाटेत सांडलं, म्हणून ती खेप दोनदा झाली.

मग राजा श्वास रोखून रांजणात उतरला. घासून झालं, पण बाहेर निघताना पोट आडवं आलं. आतल्या वासाने भोवळ येते, म्हणून आत असलेल्याशी वरच्याने सतत बोलत राहायचं, ही रांजणवाल्यांची पद्धत. नानुलीबाईंनी साऱ्या गावाच्या सुनांबद्दल सांगितलं आणि त्यांचा घसा बसला. त्या साळुंकीला म्हणाल्या, "न थांबता बोलणारा एकच माणूस मला माहीत आहे. त्याला आण."

जुराब आला, रांजणाच्या तोंडाशी बसला. "कुठे होतो आपण?" असं म्हणत त्याने अर्धं राहिलेलं भाषण पुढे चालू केलं.

"आता राणी लामाराची आठवण. हा रांजण ती स्वतः घासत असे. तिचा लहानगा ओतार वर बसून तिच्याशी बडबडत असे, म्हणून तिला कधी भोवळ आली नाही."

आतून राजाने विचारलं, "त्या दिवशी आईचं नाव येणार होतं?"

"पुढचंच होतं, महाराज."

राजा हुंदके देऊन रडला. मग म्हणाला, "बोलत राहा."

तेवढ्याने शाप सुटला. रांजणाने तोंड हातभर रुंद केलं आणि राजाला बाहेर येऊ दिलं. नानुलीबाईंनी पणजोबांच्या रांजणावरून हात फिरवला आणि त्यात नवा रस ओतला.

वसंतात झाकण उघडलं. आत मधाच्या रंगाचं मद्य होतं. जुराब दुपारपासून सांज होईपर्यंत बोलला. पाहुण्यांचे घसे कोरडे पडले. तो थांबला तेव्हा सगळ्यांनी प्याले उचलले, पण राजाने हात वर केला.

"जरा थांबा," तो म्हणाला. "आईचं पुन्हा एकदा सांगा."