कोरलेलं नाव

फार वर्षांपूर्वी, युद्धाच्या दिवसांत, लढाऊ जहाजांना भर समुद्रात तेल पुरवणारं एक जहाज होतं. त्यावरच्या दौलत मयेकर या खलाशाने इतरांसारखंच आपल्या पितळी लायटरवर स्वतःचं नाव कोरून घेतलं होतं. तेल देताना ठिणगी नको म्हणून सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, सगळ्यांचे लायटर डब्यात बंद करून ठेवी.

"रोज काय हे कोंडणं," दौलतचा लायटर कुरकुरे.

"कोंडणं कसलं? संध्याकाळी तुझा माणूस न्यायला येतोच ना," शेजारचा जुना लायटर म्हणे.

एकदा तेलाचा पाइप ओढताना लाटेने दौलतला नेलं. संध्याकाळी सारंगाने डबा उघडला आणि सवयीने एकेक नाव वाचलं. "दौलत मयेकर," म्हणाला आणि थांबला.

झाकण उघडंच होतं. लायटरला मात्र पहिल्यांदाच बाहेर यावंसं वाटेना.